गाडीला चौबगला

मास्टर कुणालाही भेटले की आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. नव्या माणसाला वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे! पण तो हात एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत जाऊन थांबायचा, बोटं किंचित पसरायची आणि मास्टर स्वतःशीच पुटपुटायचे, "थोडं ढिलं ठेवू. अंग भरतं."

ते आमच्या गल्लीतले शिंपी. गुलमंडीच्या मागच्या अंगाला त्यांचं दुकान, आणि दुकानासमोर माझं घर. मी एका जिनिंग कारखान्याची लॉरी चालवायचो. कापसाचा हंगाम संपला की मला काही काम नसायचं, मग दिवसभर मास्टरांच्या फळीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे बघायचे.

बघण्यासारखेच असायचे ते. मास्टरांनी कुणाला कधी अंगाबरोबर कपडा शिवला नाही. गल्लीतल्या वकिलांचा कोट वारा आला की वकिलांच्या आधी वळायचा. एकदा लग्न ठरलेला एक शाळामास्तर नवी शेरवानी घालून रडकुंडीला येऊन उभा राहिला. "मास्टर, यात माझ्यासारखे दोघे मावतील हो."

मास्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "लग्न ठरलं ना? मग जरा बायकोच्या हातचं खाऊन तर बघा."

याच ढिलाईनं त्यांना मोटार मिळवून दिली. म्हटलं तर कुणाला पटत नाही, पण मी तिथंच होतो.

निजामाचं राज्य होतं. जर्मनची लढाई नुकतीच संपली होती. जवळच्या एका जहागीरदारांना ईदच्या दरबाराला हैदराबादला जायचं होतं आणि आंब्याच्या दिवसांत साहेबांचा घेर असा काही वाढला की कपाटातल्या एकाही शेरवानीची बटणं लागेनात. शेवटी तळातून मास्टरांनी शिवलेली, ढगळ म्हणून फेकून दिलेली शेरवानी निघाली. ती अशी बसली, की जणू कालच मापं घेतली होती. साहेब दरबार करून आले, मास्टरांना बोलावून घेतलं आणि तबेल्यातली जुनी मोटार त्यांना बक्षीस देऊन टाकली.

मोटारीला चाकं नव्हती. ती साहेबांनी पाण्याच्या बैलगाडीला लावून टाकली होती. बैलांना त्यात आराम वाटतो म्हणे.

"परत मागू का?" मी विचारलं.

"नक्को भाऊ. धर्माची गाय, तिचे दात बघायचे नसतात."

"मास्टर, हिला तर पायच नाहीत."

ती गाय बैलगाडीवर चढवून गल्लीत आणली आणि दुकानासमोर विटांवर ठेवली. मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती. तिला उठवायला गेलो तर ती चोच मारायची. मास्टर म्हणाले, "राहू दे. तिची मोटार आहे आपल्या आधीची."

गल्ली हसली. मास्टर हसले नाहीत. त्यामागं कारण होतं, ते मला नंतर कळलं.

त्यांच्या बीबीला आम्ही भाभी म्हणायचो. मागं कधीतरी जिन्यावरून पडून त्यांची कंबर धरली होती. सरळ बसवत नसे. पाठीला मोठा टेका लागे. तांग्याचा धक्का सहन होत नसे आणि मोटार सर्व्हिसच्या बसमध्ये तर उभं राहायलाही जागा नसायची. त्यांचं माहेर अजिंठ्याचं. तिथं त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप यायचा, 'एकदा येऊन जा.' अलीकडं निरोप लवकर लवकर येत होते. मास्टरांनी मोटारीची मागची सीट बघितली ती शिंप्याच्या नजरेनं. भाभींची पाठ तिथं नीट टेकणार होती.

"चाकं तेवढी बघू," ते मला म्हणाले. "चल, शहागंजला."

शहागंजात एक कबाडी होता. त्याच्याकडं मोडक्या गाड्यांची चाकं रचून ठेवलेली असायची; नवे टायर बाजारात आलेच नव्हते. त्यानं विचारलं, "कोणतं माप?"

"बेचाळीस छाती," मास्टर म्हणाले.

मी मधे पडलो. मास्टरांना बाजूला घेऊन समजावलं की चाकाला भोकं असतात, ती गाडीच्या बोल्टांवर बरोबर बसली पाहिजेत. मधलं मोठं भोक आसाच्या तोंडात नेमकं शिरलं पाहिजे. उंची जुन्या चाकाएवढी हवी. आणि टायर इतका रुंद नको की मडगार्डला घासेल.

मास्टर ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे काज-बटण, गळा, उंची आन् बगल. एवढंच ना? मग आधी बोलायचं की!"

मला धन्य वाटलं. इतक्या लवकर हे कुणाला समजलं नव्हतं.

मास्टरांनी टायर चिमटीत धरून ओढून पाहिला, वास घेतला आणि कबाड्याला विचारलं, "धुतल्यावर आटंल का?"

"मास्टर, हा रबर आहे."

"मलमलवाला बी असंच बोलतो."

पहिली चाकं आणली ती बसेचनात. काज-बटणाचा मेळ नव्हता. ती परत केली. दुसऱ्या खेपेला काज जुळलं, गळाही जुळला. पण चाकं होती एका मोठ्या, धिप्पाड मोटारीची. त्यांच्या शेजारीच अगदी बरोबर मापाचा एक संच पडला होता. मी त्याच्यावर हात ठेवून उभा राहिलो. मास्टरांनी दोन्हींकडं बघितलं आणि मला वाटलं होतं तेच झालं.

"मोठं घेऊ. अंग भरतं."

"गाडीचं अंग भरत नसतं, मास्टर!"

"वाढत्या लेकराला बरोबर मापाचं शिवणारा शिंपी मूर्ख असतो भाऊ."

"ती माझ्या वयाची आहे!"

पण चाकं घेतली गेली. गाडी विटांवरून उतरली ती उंटासारखी दिसायला लागली. मास्टरांनी तिला नवा कापडी टपही शिवला. तो किती मोठा असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. गाडी जरा वेगात आली की त्यात वारा शिरायचा आणि डोक्यावर फुग्यासारखा फुगायचा. आत बसलेल्याला वाटायचं, आता आपण उडणार.

आता खरी गंमत. डावीकडचा पुढचा मडगार्ड तबेल्याच्या भिंतीला घासून आत दबला होता. त्यामुळं गाडी डावीकडं छान वळायची. उजवीकडं वळवली की डावं चाक मडगार्डात रुतायचं, खर्रर्र आवाज व्हायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची.

मी म्हणालो, चाकं बदलू. मास्टर म्हणाले, रस्ता बदलू.

मग आम्ही काही दिवस फक्त डावीकडं वळत शहरभर फिरलो. उजव्या हाताला दिसणाऱ्या दुकानात जायचं तर तीनदा डावीकडं वळसा घालायचा. औरंगपुऱ्यात मास्टरांचं एक गिऱ्हाईक होतं. तिथून घरी यायला आम्ही निघालो ते पैठण गेटपाशी पोचलो, आणि तिथून पुढं कुठं गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. लोक ओट्यावर येऊन उभे राहायचे. "आले, परत आले."

एकदा चौकात पोलिसानं हात करून उजवीकडं जायला सांगितलं. मी थांबलो. मास्टर बाहेर वाकले आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, उजवीकडं नाय वळता येत."

"क्यूं?"

"बगलेत लागतं."

पोलिसाचा चेहरा एकदम मऊ झाला. "अरे अरे. फोडा है क्या? हकीम को दिखाओ, मियां," असं म्हणून त्यानं आम्हाला स्वतः वाट करून दिली.

एवढ्यात अजिंठ्याहून निरोप आला. या वेळी त्यात 'येऊन जा' नव्हतं. 'तोंड बघायचं असेल तर या' असं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी बाहेर आल्या. अंगावर बुरखा, दोन्ही बाजूंनी शेजारच्या बायकांचा आधार. भाभी अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या. त्या हळूहळू मागच्या सीटवर टेकल्या. कोंबडीनं आपण होऊन जागा दिली. गाडी कुईं करून खाली बसली, आणि मागची दोन्ही चाकं मडगार्डांना जाऊन भिडली. मी गाडी सुरू केली. ती डावीकडं नाही, उजवीकडं नाही, सरळसुद्धा जाईना.

सगळी गल्ली गोळा झाली होती. वकील खाकरले आणि म्हणाले, "मास्टर, वाईट वाटून घेऊ नका. पण गाडीला एवढं वजन नाही झेपायचं."

भाभींनी ते ऐकलं. त्या उतरायला लागल्या. "माझंच अंग लई झालं," त्या बुरख्याआडून म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. कुणी जाणारं असलं तर तिला सांगा, आमचं नाय जमलं."

मी मास्टरांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. ते गाडीच्या दारात आडवे उभे राहिले.

"बस तू," ते म्हणाले. "अंग कधी चुकत नाय. कपडा चुकतो."

मग वकिलांकडं वळून तेच पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाले. वकिलांनी कोटाच्या बाहीत हात ओढून घेतले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस इतकी वर्षं सगळ्यांना ढगळ शिवत आला, त्यात माप चुकण्याचा प्रश्नच नव्हता. कपडा घट्ट झाला म्हणून कुणाला आपल्या अंगाची लाज वाटावी, हे त्यांना बघवत नव्हतं.

मास्टर दुकानात गेले आणि जुना पेपर, खडू नि कातर घेऊन बाहेर आले. "उतरू नको. माप बसल्या अंगावर घ्यायला लागतं." जमिनीवर पालथे पडून त्यांनी चाकाच्या वरच्या बाजूला पेपर लावला, बेतून कापला, तो मडगार्डवर ठेवून खडूनं रेघा मारल्या. मला म्हणाले, "सदऱ्याच्या बगलेत आपण चौकोनी तुकडा घालतो ना तिरका, हात वर केला तर फाटू नये म्हणून? चौबगला. हिला तोच पाहिजे. लोहाराला बोलाव."

लोहार आला, खडूच्या रेघा बघितल्या आणि परत निघाला. त्याला ओढून आणावं लागलं. छिन्नी-हातोड्यानं त्यानं मडगार्ड कापले. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून फुगीर तुकडे केले. मास्टरांनी आधी ते तारेनं टाचून घेतले, "कच्ची शिलाई" म्हणाले, दोनदा ट्रायल घेतली, मग लोहारानं पक्के ठोकले. पुढच्या दबलेल्या मडगार्डलाही तसाच तुकडा. ठोकाठोकीनं गल्ली दणाणत होती आणि भाभी त्या सगळ्यात गाडीत बसून होत्या. बायकांनी तिथंच चहा आणला, पान आणलं. कित्येक वर्षांत भाभी अशा बाहेर बसल्या नव्हत्या. दुपारपर्यंत त्यांनी गल्लीतली दोन भांडणं मिटवली.

संध्याकाळी मी गाडी सुरू केली, भाभींसकट, आणि गल्लीच्या तोंडाशी उजवीकडं वळवली. ती वळली. काही घासलं नाही. मागं टाळ्या झाल्या. मास्टर खिडकीतून मान काढून चाकाकडं बघत होते. "कुठं लागतंय का?" त्यांनी विचारलं. ते कुणाला विचारलं, भाभींना की गाडीला, मला कळलं नाही.

पहाटे निघालो. चौक्याच्या घाटात गाडी डावी-उजवी झुलत चढली. वर टप फुगलेला, बगलांतून रॉकेलच्या डब्याची अक्षरं चमकणारी. फुलंब्रीला लोक हातातलं काम टाकून रस्त्यावर आले. भाभींनी खिडकीचा पडदा बाजूला सारला होता. कुणाचं शेत, कुठली विहीर, ज्वारी किती वर आली, असं त्या एकेक विचारत होत्या आणि मास्टर काही माहीत नसताना सगळ्यांची उत्तरं देत होते.

अजिंठ्याला घराच्या दारातच गाडी लावली. आम्ही दोघांनी भाभींना धरून आत नेलं. थोरल्या बहिणीला नीट दिसत नव्हतं. तिनं हात पुढं केला, भाभींचं मनगट चाचपलं आणि घट्ट धरलं.

"उशीर केलास."

"चाकं मिळत नव्हती आपा," भाभी म्हणाल्या, आणि मग दोघीही रडल्या.

दोन दिवसांत येऊ म्हणून गेलेले मास्टर परत आले नाहीत. बहीण त्यांच्या येण्यानं सावरली. उठली नाही, पण जेवायला लागली. भाभी तिला सोडून निघेनात, आणि मास्टर भाभींना. दुकानाच्या फळ्या बंदच राहिल्या. पुढं तिथं बांगड्यांचा एक दुकानदार आला. गल्लीतल्या लोकांनी मग दुसऱ्या शिंप्याकडून कपडे शिवून घेतले. ते अंगाबरोबर होते. महिनाभर सगळे एकमेकांकडं चोरून बघत होते, आपण खरे एवढेच आहोत काय म्हणून.

मी मास्टरांना शेवटचं पाहिलं ते अजिंठ्याहून निघताना. गाडी भाभींसाठी तिथंच ठेवून मी एकटा परतत होतो. मोटार सर्व्हिसची बस वेशीत उभी होती, म्हणून निरोप घ्यायला आत गेलो. दुपारची वेळ. एकाच बाजेवर दोघी बहिणी झोपल्या होत्या, एकीचा हात दुसरीच्या हातात. पलीकडं चुलीपाशी मास्टर उकिडवे बसून फुंकर मारत होते. धुरानं डोळे लाल, चष्मा कपाळावर. जन्मात त्यांनी चूल पेटवली नसावी.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, जवळ बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, "भाऊ, खिचडीत पाणी किती घालतात रे?"

मलाही माहीत नव्हतं. तरी मी अंदाजानं सांगितलं. बाहेर बसचा भोंगा वाजायला लागला. मास्टर तांब्या हातात घेऊन पातेल्यात वाकून बघत होते.