म्हशीआडचं बोलणं

कलघटगीपलीकडच्या रानातल्या गवळीवाड्यात यमुनाअक्का हाक मारली की येते, आणि नाही मारली तरी येते. मनाच्या आजारात मदत करायचं प्रशिक्षण धारवाडला घेऊन आलेली ही पन्नाशीची गवळीण. "ताप अंगाला येतो तसा मनालाबी येतो, त्यात लाजायचं काय?" हे ती मराठीत सांगते, कुणी वाद घातला तर कन्नडमध्ये.

भारतीचं मूल जन्मताच गेलं आणि तिनं बोलणं टाकलं, जेवण टाकलं. सासू कौसल्येनं निकाल देऊन टाकला, दसरा झाला की हिला कायमची माहेरी धाडायची. अक्का तिला धारवाडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हिला बोलतं करा.

शिकवल्याप्रमाणं अक्कानं भारतीला खोलीत नेलं आणि दार लावलं. झालं! वाड्यात दिवसा दार लागतं ते काही लपवायचं असलं तरच. "माझ्या सुनंला फितवतीस व्हय गं?" कौसल्या बाहेरून कडाडली. भारती आणखीच मिटली. अक्का स्वतःवरच उखडली. गवळ्याच्या पोटची आणि दार लावते म्हणजे काय!

पण हार मानेल ती यमुना कसली! दुसऱ्या सकाळी तिनं भारतीला गोठ्यात बसवून हातात चरवी दिली. धार काढताना डोकं म्हशीच्या कुशीला टेकलेलं असतं, तोंड कुणाला दिसत नाही. वाड्यातल्या बाया आजवर रडल्या त्या इथंच. पलीकडच्या म्हशीखाली कौसल्या धार काढत होती. अक्का कितीतरी सकाळी एकटीच बडबडली. ऐकायला म्हशी होत्या.

मग एकदा भारती म्हणाली, "त्याचं तोंडबी दाखिवलं न्हाई मला कुणी."

पलीकडची धार थांबली. मूल पदराखाली झाकून नेलं होतं ते कौसल्येनंच.

"माझ्या पहिल्याचं मलाबी न्हाई दाखिवलं," म्हशीपलीकडून आवाज आला. "वाटलं, बघितलं न्हाई तर इसरशील. मी तरी कुठं इसरले गं? चल, करवंदीखाली निजवलाय, जागा दावते."

दोघी गेल्या. उरलेली धार अक्कानं काढली, आणि काढताना मनसोक्त रडली.

दसऱ्यानंतर भारतीचा भाऊ रवी न्यायला आला. भारती गोळ्या घेत होती, अर्धी भाकरी खात होती. कौसल्येनं त्याच्यापुढं दुधाचा पेला ठेवला.

"चार दिस ने आणि आणून सोड. तिच्याबिगर म्हस पान्हा सोडत न्हाई."

ती म्हैस तर शेजारणीलाही दूध द्यायची. यमुनाअक्कानं मात्र मान डोलावून साक्ष दिली.