डाव्या सिंहाचे डोळे

सायथाँग मावशीने एकेचाळीस वर्षं चुना कुटला. चुना, वाळू, काकवी आणि म्हशीच्या कातड्याचा सरस. तिच्या उखळातल्या चुन्याला तडा म्हणून जात नसे. तिचा नवरा इंता त्यातून विहारांच्या दारातले सिंह घडवायचा. "परांचीवर चढला की माझ्याकडे ढुंकून बघत नाही मेला," असं ती म्हणायची. तीसुद्धा सिंहांकडे पाठ करूनच बसायची, ऊन तोंडावर येतं म्हणून.

आमच्या विहाराचा उजवा सिंह पुरा झाला, डावा डोळ्यांवाचून राहिला आणि इंता गेला. उत्सव चार दिवसांवर आला. आंधळा राखणदार दारात कसा ठेवायचा? समितीतल्या शहाण्यांनी तो फोडून लंपांग शहरातून सिमेंटचा तयार सिंह आणायचं ठरवलं. मावशी तडक भन्तेंसमोर जाऊन बसली.

"माझ्या माणसाच्या हातचं शेवटचं काम आहे, भन्ते. डोळे मी बसवते."

"जमेल तुला?"

"त्याला जमत होतं, तेव्हा चुना कुणाचा होता?"

भन्ते हसले. "उद्या संध्याकाळपर्यंत," म्हणाले.

बासष्ट वर्षांची बाई परांची चढली. तिच्या हाताखाली चुना कालवणारा मी खाली परांचीचा बांबू धरून उभा. इंताची रीत अशी, की सिंहाने जिथे बघायचं तिथून डोळ्यापर्यंत सुतळी ताणायची आणि त्या रेषेत बुबुळ बसवायचं. जोडीची नजर एकाच जागी हवी. म्हणून मावशीने आधी उजव्या सिंहाच्या डोळ्याला सुतळी लावली आणि बुबुळाच्या रोखाने बघत टोक माझ्याकडे फेकलं. सिंह रस्त्याकडे बघतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मी रस्त्याकडे निघालो.

"तिकडे कुठे, आंधळ्या! डावीकडे हो. अजून. अजून!"

सुतळी चिंचेखाली, उखळाजवळच्या खांबाला टेकली. तिथे खिळ्यावर मावशीची टोपी लटकत होती. टोपी काढली, तर खिळ्याला चुन्याने कडक झालेली सुतळीची जुनी गाठ.

"कुठे टेकली रे?"

"तुझ्या टोपीच्या खिळ्याला, मावशी."

"टोपीसाठी ठोकलाय म्हणाला होता."

वरून सुतळीला ताण बसला.

"बांध तिथेच," ती म्हणाली.

बुबुळं म्हणजे काळ्या वाडग्यांची बुडं. पण परांची सोडून काढली आणि बारा हात उंचीचे दोन्ही सिंह एकदम बघायला लागले, तेव्हा समितीतले शहाणे हात जोडून मटकन खाली बसले. मीही बसलो.

मावशीने हात धुतले. उखळापाशी जाऊन पाट उचलला, फिरवून ठेवला आणि सिंहांकडे तोंड करून बसली. ऊन थेट तोंडावर येत होतं.