न भिजवलेलं कापड

आमच्या घरात सगळे असं धरून चालतात की शेवटी शेवटी माझ्या बायकोची नजर अधू झाली, मापं चुकायला लागली, म्हणून तिने शिवण सोडलं. मुलगा तसं सांगतो, सून तसं सांगते. चाळीतल्या ज्या बायकांचे ब्लाउज तिने वर्षानुवर्षं शिवले, त्याही तसंच सांगतात. तिच्या बाराव्याला एक जण माझ्यासमोर म्हणाली, "डोळ्यांनी दगा दिला हो, नाहीतर हात काय होता." मी मान हलवली. हे खरं नाही. तिचं माप चुकलं नव्हतं. चूक मी केली आणि ती तिच्या नावावर राहू दिली.

मी परळच्या एका गारमेंट युनिटमध्ये कटिंग मास्तर होतो. युनिट बंद पडलं तेव्हा साठी जवळ आली होती. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत मी दिवसभर नुसता बसून असायचो आणि खिडकीपाशी तिचं मशीन चालू असायचं. तिचा एक नियम होता. सुती कापड आधी बादलीत भिजवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री फिरवायची, मगच कात्री. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मी तिला चिडवायचो, "आमच्याकडे कोण भिजवत बसतं? थरावर थर ठेवायचे आणि कापायचं."

"तुमच्याकडे कापड धुऊनच येतं," ती म्हणायची. "माझ्याकडे दुकानातून येतं. कोरं कापड आटतं."

मला ते ठाऊक होतं. तरीही तिने मला सांगावं हे खुपायचं.

मग सुनेने जीन्सचं कापड आणलं. तिला ऑफिसच्या सहलीसाठी टॉप हवा होता, सैलसर, पुढे दोन खिसे, कोपराच्या खाली येणारी बाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूकडून काही शिवून घेण्याची तिची ही पहिलीच वेळ, त्यामुळे बायकोला त्याचं फार अप्रूप. तिने दोनदा माप घेतलं, वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिला गिरगावात धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. निघताना म्हणाली, "तेवढं कापड भिजवून वाळत घाला. आल्यावर कापते."

ती जिना उतरली आणि मी वही उघडली. कॉटवर कापड अंथरलं, खडूने आखलं आणि सरळ कापून टाकलं. किती दिवसांनी हातात कात्री आली होती. जाड कापडात ती करकरत पुढे जाताना मला पुन्हा मास्तर झाल्यासारखं वाटलं. ती संध्याकाळी आली तेव्हा मी तुकडे नीट रचून ठेवले होते.

"कापलंतसुद्धा? भिजवलं होतं ना?"

"हो."

"एवढ्यात वाळलं?"

"पंख्याखाली घातलं. आयुष्यभर हेच केलंय गो मी."

"बरं, मास्तर," ती हसून म्हणाली आणि तुकडे उचलून कौतुकाने पाहू लागली. "काय साफ कापलंत."

तिने तीन दिवस खपून तो शिवला. जाड सुई आणली, तीही दोनदा मोडली. खांद्यावर, खिशांवर नारिंगी दोऱ्याची दुहेरी शिलाई घातली. कापडाचा रंग जाऊन तिची बोटं निळी झाली होती. रंग अंगाला लागेल म्हणून सुनेने टॉप न घालताच गरम पाण्यात वॉशिंग मशीनला लावला. वाळल्यावर घातला तर बाह्या कोपराच्या वर आणि खालची पट्टी बेंबीला.

मुलगा म्हणाला, "आई, हा हिचा आहे की खालच्या मजल्यावरच्या छोटीचा?"

सगळे हसले. तीही हसली. मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "अहो, भिजवलं होतं ना नक्की?"

तेव्हा सांगता आलं असतं. चार माणसांत थोडी नाचक्की झाली असती, बस. मी म्हणालो, "हो म्हटलं ना. तू माप घेताना नीट बघायचंस."

पहिलं खोटं तोंडून निसटलं होतं, असं म्हणता येईल. हे दुसरं मी विचार करून बोललो.

दुसऱ्या दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. तिने मापाची टेप काढली आणि माझ्या कपाटातली लोखंडी पट्टी घेतली. जुनी टेप कधीकधी ताणली जाते, मग सगळीच मापं चुकतात. टेप जमिनीवर सरळ धरून ती पट्टीला लावून बघत होती, इंच इंच. पहिल्यांदा पट्टी संपली तशी खूण करून पुढे सरकवली. मी पेपर वाचत होतो. वाचत कसला, धरून बसलो होतो. टेप बरोबर निघाली. तिने ती गुंडाळून डब्यात ठेवली आणि स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे मीच."

त्यानंतर ती दुसऱ्यांचं कापड घ्यायला घाबरू लागली. "नको गो, आता माझा भरवसा नाही," असं दारातूनच सांगायची. पुढे आमटीत मीठ घातलं का, गॅस बंद केला का, हेही मला विचारू लागली. डोळे तपासले तर डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. तिला त्याने धीर आला नाही, आणि घरी ते मीही कोणाला सांगितलं नाही. मुलाने जागा होते म्हणून मशीन गिरगावला मावशीकडे पोचवलं. चार वर्षांनी बायको गेली. आपल्या हातावर भरवसा नसलेली अशी ती गेली.

गेल्या महिन्यात मी दादरला जाऊन तसलंच कापड आणलं. भिजवलं. बादलीतलं पाणी निळंशार झालं. वहीत सुनेचं माप होतंच. गिरगावला मेव्हणीकडे जाऊन त्याच मशीनवर टॉप शिवला. शिलाई वाकडी आली, पण शिवला.

"कोणासाठी?" मेव्हणीने विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं. तिने मशीनवर झाकण घातलं. मग म्हणाली, "ताई मला म्हणायची, यांनी इतकं सुरेख कापून दिलं, मी त्याची माती केली." चहाला तिने थांबवून घेतलं नाही.

घरी येऊन सुनेपुढे टॉप ठेवला आणि तिलाही सांगितलं. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"कुठला टॉप, बाबा?"

मी पुन्हा सांगितलं. सहलीचा, आटलेला, खिशांचा.

"असेल हो. मला नाही आठवत." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा मऊ आवाजात, "एवढ्याशा टॉपचं काय घेऊन बसलात?"

तिने तो एकदा घातला, मशीनला लावला, गरम पाण्यातच. दोरीवर वाळल्यावर मी डब्यातली टेप काढली आणि मोजला. वहीत लिहिलंय तेवढाच होता, दोऱ्याचाही फरक नाही. टेप हातात धरून मी गॅलरीत उभा राहिलो. बघायला घरात कोणी नव्हतं.