कण्यावरचं दहावं फूल

सदर इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील रहिवासी: वेल्गा स्कुया. वय: निवृत्तीयोग्य, आणि निवृत्त. पूर्वीचा व्यवसाय: दातांच्या दवाखान्याच्या कार्यशाळेत कवळ्या तयार करणे. उंची मध्यम, आवाज मध्यम, चष्मे दोन, पैकी एक कायम हरवलेला. पाळीव प्राणी: नाहीत. जवळचे नातेवाईक: नाहीत (रहिवाशाने स्वतः सांगितल्यावरून). सदर रहिवाशापासून इमारतीस कोणताही उपद्रव नाही.

हे वर्णन मी लिहिलेलं आहे. रीगाच्या इमांता भागातल्या आमच्या इमारतीने मला घरप्रमुख म्हणून एकमताने निवडलं. त्या बैठकीला मी गैरहजर होतो, एवढीच माझी पात्रता. घरप्रमुखाने रहिवाशांची माहिती व्यवस्थापनाला कळवायची असते. व्यवस्थापन ती वाचत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्यावर दडपण येत नाही.

उपद्रवाचं वाक्य वसंतापर्यंत निर्विवाद टिकलं. मग एका दुपारी जिन्यात प्लास्टिक भाजल्याचा वास पसरला, तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली आणि मी वेल्गाबाईंचं दार ठोठावलं.

“आग लागलीय का?”

“लागली असती तर दार उघडायला आले असते का, शेजारी? पाय पुसा.”

आग नव्हती. मला इतकं हायसं वाटलं, की मी खरोखर पाय पुसले. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये तापमापक टांगलेला होता. टेबलावर पास्ता लाटायचं यंत्र, त्यातून निघालेली, भाजल्यावर कडक होणाऱ्या हिरव्या पॉलिमर क्लेची पातळ पोळी, आणि कापडावर ओळीने मांडलेली दातांच्या कारागिरीची हत्यारं. फरशीच्या एका तुकड्यावर पांढरी नाजूक रांग लावून ठेवली होती.

“अजून दात करता?” मी विचारलं.

“पाकळ्या आहेत त्या. डेझीच्या.”

मी वाकून पाहिलं. डेझीच होत्या, पण प्रत्येक पाकळीच्या टोकाला पटाशीच्या दातावर असतात तशा बारीक उभ्या रेघा होत्या. आयुष्यभर हाताने हेच केलं होतं, आणि निवृत्ती झाल्याचं हाताला कोणी कळवलेलं नव्हतं.

काम असं होतं: एक जाड पुठ्ठ्याची वही. तिच्या पुठ्ठ्यांवर आणि मधल्या कण्यावर गोंद लावून क्लेची पोळी बसवायची. तिच्यावर विणलेल्या हातमोज्याची मनगटपट्टी दाबायची, म्हणजे वीण उमटते. वर फुलं जडवायची आणि सगळं भाजायचं. नंतर तपकिरी रंग फासून लगेच पुसायचा. तो खाचांत तेवढा राहतो आणि नवी वस्तू जुनी दिसते.

“वहीसकट भाजायचं?”

“वहीसकट. कागद एवढ्यावर जळत नाही. शाळेत काय करत होतात?”

“आणि कुणासाठी?”

“रास्मासाठी. बागेची वही आहे. बटाटे कधी लावले, हिव कधी पडलं, असलं लिहिते ती.”

“रास्मा कोण?”

वेल्गाबाईंनी एक पाकळी सुईच्या टोकावर उचलली, जागेवर ठेवली, आणि मग म्हणाल्या, “बहीण.”

“पण फॉर्मवर तुम्ही—”

“फॉर्म भरला त्या दिवशी नव्हती.”

पुढची हकिगत तुकड्यातुकड्याने कळली. रास्मा थोरली, येलगवाला राहते. तिच्या साठीला वेल्गाबाई तेरा गुलाब घेऊन गर्दीच्या बसमधून गेल्या. वाटेत कुणाच्या तरी कोपराने एका गुलाबाची मान मोडली आणि ती बसमध्येच राहिली. आमच्याकडे जिवंत माणसाला फुलं विषम संख्येत देतात. सम फुलं थडग्यावर जातात. हे आम्ही मानत नाही. फक्त मोजतो. रास्माने सगळ्या पाहुण्यांसमोर मोजले: बारा. फुलदाणी न काढता तिने ते बादलीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी वडिलांच्या थडग्यावर नेऊन वाहिले, तिथे हिशोब बरोबर बसतो म्हणून. हे कळल्यावर वेल्गाबाईंनी फोन केला आणि म्हणाल्या, “ठीक आहे, पुढच्या वेळी तिथेच भेटू.” तेव्हापासून बोलणं बंद.

“मग आता आमंत्रण आलं?”

“नामदिन आहे तिचा,” वेल्गाबाई म्हणाल्या.

एवढं उत्तर पुरेसं होतं. वाढदिवसाला बोलावल्याशिवाय जाता येत नाही. पण कॅलेंडरात ज्या दिवशी तुमचं नाव छापलेलं असतं, त्या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही; जो येईल त्याच्यासाठी टेबल मांडलेलं असतं आणि आलेल्याला परत पाठवत नाहीत. कितीही निगरगट्ट असले तरी पाठवत नाहीत.

“दारातून परत नाही पाठवणार ती,” वेल्गाबाई म्हणाल्या. “पण आत घेऊन गप्प बसली तर मी पुन्हा जाणार नाही. हे शेवटचं.”

म्हणूनच क्ले. या फुलांची मान मोडत नाही, ती सुकत नाहीत, आणि बसमध्ये कुणाला देणगी म्हणून जात नाहीत. नऊ फुलं वेल्गाबाईंनी भाजण्याआधी मोजली, भाजल्यावर मोजली, आणि घरप्रमुखाच्या अधिकारात माझ्याकडून मोजून घेतली. नऊच होती. वर खबरदारी म्हणून बस नको, माझी गाडी हवी, असंही ठरलं. गाडीचा आणि घरप्रमुखाच्या कर्तव्यांचा संबंध मी विचारला नाही.

नामदिनाच्या दिवशी वाटेतलं ओलायने गाव मागे पडलं तेव्हा मांडीवरच्या पुडक्याचा कागद त्यांनी चौथ्यांदा सोडला. वही खरंच देखणी झाली होती: हिरव्या विणीवर पांढरी फुलं. त्यांनी बोटाने मोजली, मान डोलावली आणि वही मिटताना कण्याची बाजू वर आली.

“शेजारी,” त्या म्हणाल्या, “गाडी थांबवा.”

कण्यावर एक डेझी होती. लहानशी, पण डेझी.

“ही कधी आली?”

“थंड होताना तिथे तडा गेला होता. मी वर एक फूल बसवून तो भरून काढला.” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. “ती भरणी होती, हो! भरणी कुणी दात म्हणून मोजतं का?”

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. दहा. ती उचकटायला मी गाडीची किल्ली पुढे केली. वेल्गाबाईंनी ती अशी पाहिली, जणू मी हातोड्याने दाढ काढायला निघालो होतो. उचकटली तर तडा उघडा पडेल, हत्यारं घरी. परत फिरलो तर तोवर तिकडचं टेबल आवरलं जाईल. रस्त्याकडेच्या चराच्या काठाला खऱ्या डेझी फुललेल्या होत्या. मी एक तोडून आणली आणि पुडक्याच्या फितीत खोचली.

“अकरा,” मी म्हणालो.

“खरी आणि भाजलेली एकत्र मोजत नाहीत.”

“असा नियम आहे?”

“नाही. पण रास्मा आत्ता करेल.”

तरीही फूल तसंच ठेवून आम्ही निघालो.  येलगवाच्या पुलावर त्या म्हणाल्या, “आत नका येऊ. गाडी चालूच ठेवा.”

दार रास्माने उघडलं. वेल्गाबाईंचीच उंची, पण आवाज मध्यम नव्हता.

“हं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, “आणि तो बाहेर का बसलाय? विष दिलंय का मी कुणाला? गाडी बंद कर रे बाबा, माझ्या टोमॅटोवर धूर सोडतोयस.”

मी गाडी बंद केली आणि आत गेलो. टेबलावर खिमट दिसणारं बटाट्याचं सॅलड, डुकराच्या चरबीचे खारे पाव आणि मधोमध क्लिंगेरिस, म्हणजे केशर घातलेला वेटोळा गोड पाव होता. शेजारपाजारचे चार-पाच लोक बसले होते, आणि वेल्गाबाई कोण हे सगळ्यांना ठाऊक असावं, कारण सगळ्यांनी एकदम बश्यांत पाहायला सुरुवात केली. रास्माने कागद सोडला. खरी डेझी उचलून पाण्याच्या ग्लासात टाकली.

“ही वेगळी,” ती म्हणाली. वेल्गाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मग ती मोजू लागली. मोठ्याने. नऊवर थांबली, वही फिरवली आणि कण्यावर बोट टेकवलं.

“दहा.”

कुणीतरी काटा खाली ठेवला. वेल्गाबाईंनी तोंड उघडलं. बस, कोपर, तडा, भरणी, सगळं एकदम बाहेर यायला निघालं आणि दातांशी अडलं.

रास्माने वही डोळ्यांजवळ नेली. “वेल्गा, ही फुलं आहेत का माझी कवळी?”

“फुलं.”

“नाही, ही माझीच कवळी आहे. ह्या रेघा बघ.” तिने ओठ वर उचलून सगळ्या टेबलाला पुरावा दाखवला. “ही हिनेच केलेली. इतकी वर्षं हिच्याशी बोलले नाही, आणि खाल्लं हिच्याच दातांनी. रोज. काढून टाकावी म्हटलं, तर दुसरी बसेना.”

“बसणारच नाही,” वेल्गाबाई म्हणाल्या. “तुझा जबडा वाकडा आहे.”

“लहानपणापासून!” रास्मा म्हणाली, आणि दोघी हसू लागल्या. ते हसणं मला नीट सांगता येणार नाही. चार-पाच लोकांनी एकाच वेळी सोडलेला श्वास मात्र मी ऐकला. त्यातला एक माझा होता.

मग रास्माने अंगठ्याचं नख कण्यावरच्या डेझीखाली घातलं आणि ती टचकन उडवली. खाली तडा दिसला, केसाएवढा.

“तडा दिसतोय,” वेल्गाबाई म्हणाल्या. “मी पुढच्या वेळी हत्यारं आणून—”

“दिसू दे. माझ्या निम्म्या बश्यांना आहे.” रास्माने सुटलेलं फूल बहिणीच्या कोटाच्या खिशात टाकलं. “नऊ झाली. आता खा. आणि त्या गुलाबांचं म्हणशील तर, एक वाटेत गळला असणार हे मला तेव्हाही कळलं होतं.”

“मग थडग्यावर का नेलेस?”

“पाहुणे बघत होते ना!”

परतताना वेल्गाबाईंच्या मांडीवर क्लिंगेरिसचा तुकडा, रोपांचा खोका आणि वाटेत झोप, असं सगळंच होतं. ओलायनेपाशी त्या जाग्या होऊन म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात माझा नामदिन आहे. ती येणारच. ओव्हन तापवायला हवा.” आणि पुन्हा झोपल्या.

व्यवस्थापनाला नवीन माहिती कळवायची मुदत शरद ऋतूत असते. तिसऱ्या मजल्याची तक्रार मी निकाली काढली आहे. उपद्रवाचं वाक्य बदललेलं नाही. नातेवाइकांचंही नाही, कारण छापील रकान्यात खाडाखोड चालत नाही.

वेल्गाबाईंना एक बहीण आहे.