पोपटी साडीतला डेमो

सोमवारी आमच्या शाळेत सगळ्या शिक्षिकांनी पोपटी साडी नेसायची, असा नियम. मरून काठ, आणि कापड असं की पंख्याखालीसुद्धा घाम फुटावा. मला त्या साडीचा मनस्वी राग. तरीही ज्या दिवशी दुसऱ्या शाळेत गुपचूप डेमो लेसन द्यायला जायचं होतं, त्या दिवशी मी तीच साडी नेसून गेले! वार सोमवार होता. दाढ दुखते म्हणून मी हाफ डे टाकला, आणि घणसोलीच्या आमच्या शाळेतून खांदेश्वरला वेळेत पोहोचायच्या गडबडीत दुसरी साडी पिशवीत टाकायचं सुचलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी कराराची शिक्षिका. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलअखेर घरी. मे महिनाभर ‘यंदा बोलावतील ना?’ या टेन्शनमध्ये आंबासुद्धा गोड लागायचा नाही. खांदेश्वरच्या शाळेत गणिताची कायम जागा निघाली, तीही घरापासून चालत जाण्यासारखी, तेव्हा मी मागचापुढचा विचार न करता अर्ज केला. अडचण एकच होती. त्यांना दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच शिक्षिका हवी होती आणि माझा करार एप्रिलपर्यंत. जुन्या शाळेनं मोकळं केल्याचं पत्र दिलं, तरच ती जागा माझी. आणि दहावीचा वर्ग मध्येच सोडणाऱ्याला आमच्याकडे असं पत्र सहसा मिळत नसे.

डेमो झकास झाला. मुलं बोलकी होती, समरूप त्रिकोण फळ्यावर नीट उतरले. शेवटच्या बाकावर बसून बघणाऱ्या तिथल्या मुख्याध्यापिका जाता जाता एवढंच म्हणाल्या, “साडी छान आहे हो. कुठेतरी बघितल्यासारखी वाटते.” मी हसले. आणि पदर खोचून घाईघाईनं फळा पुसायला वळले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच मोठ्या बाईंचा निरोप आला. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाईच म्हणत. मूळच्या साताऱ्याकडच्या, आवाज खणखणीत.

“दाढ कशी आहे?”

“बरी आहे, बाई.”

“बी.एड.ला माझ्या शेजारी बसायची ती, खांदेश्वरची मुख्याध्यापिका. काल फोन आला तिचा. म्हणाली, तुझी पोपटी साडी माझ्या वर्गात त्रिकोण काढून गेली!”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण बाई चिडल्या नाहीत, आणि मला त्याचाच राग आला. भांडायच्या तयारीनं गेले होते ना मी! “इतकी वर्षं झाली, आम्हाला कायम का करत नाही तुम्ही?” हे वाक्य घोकून ठेवलं होतं, ते टाकलंच बोलून.

बाई चष्मा पुसत राहिल्या. “माझ्या हातात असतं तर केलं नसतं का गं? संस्थेपुढे बोलून बोलून जीभ झिजली माझी. जा तू. पत्र देते मी. पण दिवाळीआधी भूमिती संपवून जा. आणि दहावीला तू स्वतः सांगायचं. आजवर जो गेला तो सुट्टीनंतर आलाच नाही. पोरांना कळतं ते नवं वेळापत्रक लागल्यावर.”

मग मी रोज शाळा भरण्याआधी जादा तास घेतले. मुलं डोळे चोळत, कुरकुर करत आली, पण आली. भूमिती संपली. पत्र माझ्या पर्समध्ये आलं. आता फक्त सांगायचं राहिलं होतं, आणि ते मी आज-उद्या करत सुट्टीच्या आदल्या दिवसावर नेलं.

शेवटच्या तासाला खडू खाली ठेवला आणि सांगून टाकलं. दिवाळीनंतर मी येणार नाही, दुसऱ्या शाळेत जातेय. आता कुणीतरी रडेल असं वाटलं. खरं सांगायचं तर, कुणीतरी रडावं अशीच माझी इच्छा होती.

पहिल्या बाकावरची तळवली गावातली मुलगी उभी राहिली. वर्गात सगळ्यात जास्त बडबड हिचीच.

“मॅडम, मग आमाला कोन शिकवनार?”

“अजून ठरलं नाही गं. शोधतायत.”

“मिलतील कोनतरी,” ती म्हणाली. आवाजात रुसवा नाही, तक्रार नाही. “आठवीतले सर असेच गेले, नववीतल्या मॅडमपन. तुमी निदान सांगितलंत तरी. तुमी नका वाईट वाटून घेऊ, मॅडम. आमाला सवय हाय.”

दहावीतल्या पोरीला कसली गं ही सवय! मला तिथेच, सगळ्या वर्गासमोर रडू फुटलं, आणि ती पोरगी बाकातून बाहेर येऊन मलाच पाण्याची बाटली द्यायला आली.