फुवांची जीभ

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमच्या खान्देशात ज्यांना फुवा म्हणतात ते, यांच्याइतका परका माणूस आणि यांच्याइतका सगळ्यांचा सगा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दोष त्यांच्या जिभेचा. समोर जो बसेल त्याचा हेल फुवांच्या तोंडी आपोआप येतो, आणि ते त्यांना कळतही नाही. मूळचे धुळ्याचे, जन्म गेला जळगावात पाण्याच्या मोटारी विकण्यात. गिऱ्हाईक फैजपूरचं असलं की फुवा फैजपूरचे, शेजारचे मारवाडी शेटजी आले की यांच्या बोलण्यात थेट राजस्थान. नंदुरबारकडचं कुणी आलं तर अर्धी गुजराती. फैजपूरच्या एका केळीवाल्याने तर तासभर गप्पा मारल्यावर, तुम्ही आमच्यातले कोणाकडचे, असं विचारलं आणि पुतण्याच्या लग्नाचं आवतन देऊन टाकलं. फुवा गेले. तिथे नवऱ्यामुलाच्या चुलत्यांनी यांना टॉवेल-टोपी दिली आणि मग हे मुलीकडच्यांशी जरा बोलत बसले तर त्यांनीही दिली. आत्या म्हणते, "सकाळी यांच्याजवळ कोण बसलं होतं तेवढं मला सांगा, म्हणजे दुपारी घरात कोण बोलणार ते कळेल."

असा हा माणूस गेल्या वर्षी पुण्याला मुलाकडे गेला, सुनेची नोकरी सुरू झाली म्हणून नातीला सांभाळायला. पहिल्याच दिवशी फुवांनी आपल्या खास ठेवणीतल्या धुळ्याच्या प्रेमाने तिला हाक मारली, आणि पोरगी घाबरून आईच्या मागे लपली. आबा असे का बोलतात, म्हणाली. फुवांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी अशी काही पुणेरी धरली की सोसायटीतली मंडळी त्यांना गणपतीच्या बैठकीत भाषणाला उभं करू लागली. पोरगी मांडीवर आली ती उतरेना. दिवसभर शुद्ध बोलून जबडा दुखायचा तेव्हा फुवा गॅलरीत जाऊन एरंडोलच्या मित्राला फोन लावायचे आणि मनसोक्त अहिराणीत गर्जायचे. नात शेजारी भातुकली मांडून बसलेली असायची.

पावसाळा संपवून फुवा परतले आणि घोटाळा झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची जीभ परत बदलली नाही. म्हणजे त्यांनी ती बदलू दिली नाही. रोज संध्याकाळी नातीचा फोन यायचा, आणि चुकून एखादा शब्द घसरला तर पोरगी पुन्हा लपेल, ही धास्ती. म्हणून दिवसभर सराव. "मला ना, मेथी जरा कोवळी हवी होती," असं त्यांनी बाजारात म्हटलं तेव्हा वर्षानुवर्षांच्या भाजीवालीने, बाबा तुम्ही कुठले, म्हणून विचारलं. गाव फुवांना नाना म्हणतं; गावभर झालं, नाना पुण्याला जाऊन साहेब झाले. खरं कारण फक्त आत्याला ठाऊक, आणि तिच्यामुळे मला.

थंडीत एरंडोलच्या त्या मित्राच्या शेतावर भरीत पार्टी असते. वांगी असोद्याची, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, आणि मग लाकडी बडगीत मिरच्यांसकट ठेचायची. ठेचण्याचा मान कायम फुवांचा. यंदा मीही गेलो होतो. मंडळी बांधावर गोणपाटं टाकून बसली होती, आणि फुवांना मात्र घरातून खुर्ची आणली. बाटलीचं पाणी दिलं. पुण्याची सवय झाली असेल म्हणून वेगळं, बिनमिरचीचं भरीत काढलं. वर चमचा. कुणी टोमणा मारला असता तर फुवांनी हसून परतवला असता, पण ही सरबराई होती. पाहुण्याला काय बोलणार? त्या खुर्चीवर ते इतके एकटे दिसले की मी हातातली पुरी खाली ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. चमचा ताटातच ठेवून फुवा हाताने खात होते; हात भरताने माखलेले, म्हणून त्यांनी मला स्पीकर लावायला सांगितला. आपल्या स्वच्छ पुणेरीत त्यांनी, काय करतंय माझं बाळ, असं विचारलं. पलीकडून चिमुकला आवाज आला, गॅलरीत ऐकलेलं सगळं साठवून ठेवलेला.

"आबा, बठ्ठा जेवनात का?"

सगळे जेवलात का, आणि तेही चक्क अहिराणीत! बांधावर असं हसू फुटलं की झाडावरचे बगळे उडाले. आणि फुवा, जन्मभर प्रत्येकाला त्याच्या बोलीत उत्तर देणारे फुवा, यांना शब्दच सापडेना. डोळे पुसावेत तर हाताला भरीत.

मित्र उठला. त्याने आधी चमचा काढून घेतला, मग बडगी पुढे सरकवली.

"ऊठ नाना, खाले बठ. तू काही पाव्हना नही शे."

फुवा मांडी घालून बसले आणि त्यांनी मिरच्या अशा ठेचल्या की आम्ही सगळे दोन दिवस त्यांची आठवण काढत होतो.

आता रोज संध्याकाळी तो फोन ऐकायला मी मुद्दाम आत्याकडे जातो. आबा तिच्यासाठी पुणेरी बोलतात, ती आबांसाठी अहिराणी बोलते, आणि आपणच समोरच्याला सांभाळून घेतोय असं दोघांना वाटतं. या जूनमध्ये तिची मोठी शाळा सुरू होईल. तिची जीभही आजोबांचीच, बाकावर शेजारी कोण बसेल तसं बोलायला लागेल. फुवांना ते आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. म्हणूनच हल्ली त्यांच्यासमोर कुणी जूनचं नाव काढलं की ते घाईघाईने मेथीच्या भाजीबद्दल बोलू लागतात.