आगटीवर न ओतलेलं पाणी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी साखरेचा आकडासुद्धा लपवू शकत नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. ऐका, एवढंच.

लेकीच्या लग्नानंतरची पहिली थंडी. जावई पुण्याचे, हुरडा कधी न खाल्लेले. मी जुळे सोलापुरातला निवृत्त कारकून, पण त्या दिवशी माझा रुबाब काय विचारता! काळवीट बघत बघत हुरडा खाऊ घालतो म्हणालो. शहराबाहेरच्या राखीव माळरानावर मी नेहमी फिरायला जायचो. आत आग पेटवायला मनाई, पाटी ठळक. तरी तारेच्या कुंपणाच्या आतच आगटी पेटवली — ‘आपल्याला इथं कोण अडवतंय’ असं वर म्हणालो. मला कुणीही ओळखत नव्हतं.

कणसं भाजली, हातावर चोळून गरम दाणे दिले, जावई खूश. मग लेक, जावई आणि बायको अशी तिघं पुढच्या मनोऱ्यावर काळवीट बघायला गेली. आगटी मी विझवणार होतो. कॅनमध्ये पाणी होतं — पण ते जावयांना हात धुण्यासाठी राखलेलं. मी पायानं माती लोटली. गोवरीचा निखारा मातीखाली किती वेळ जिवंत राहतो, हे मला ठाऊक नव्हतं का? आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मनोऱ्याकडे निघालो आणि पाठीमागं तडतड ऐकू आली. वळलो तर कुसळीचं वाळकं गवत पेटलेलं, वारं सुटलेलं. मला हलताच येईना.

तेवढ्यात तारेपलीकडून एक मेंढपाळ धावत आला. सिदू त्याचं नाव, ते नंतर कळलं. मेंढरं तशीच सोडून, तार ओलांडून, खांद्यावरच्या घोंगड्यानं तो ज्वाळा झोडपू लागला. खोकत होता, भुवया करपल्या होत्या. मीही फांदी घेतली — हो, तेवढं केलं. आणि आग बसत आली तेव्हा आणखी एक केलं. माझी आगटी लाथेनं मोडून त्या काळ्या राखेत पसरवून टाकली. सिदूची पाठ होती तेव्हा.

वनरक्षक आला तोवर सिदूची मेंढरं त्याच्यामागून आत शिरली होती. वनरक्षकाला दिसलं ते एवढंच — जळालेला माळ, आत मेंढरं, आत मेंढपाळ. सिदू हात जोडून म्हणत होता, “सायेब, मी इजवाया आलतो.” मग माझ्याकडे वळून, “आण्णा, तुमी बगितलंय न्हवं? बोला की.”

मनोऱ्यावरून जावई खाली उतरत होते. मला ते दिसत होते.

मी म्हणालो, “मी धूर बघून आलो. हे आधीपासून आतच होते.”

सिदूचे जोडलेले हात खाली आले. खाली पडलेलं घोंगडं अजून धुमसत होतं, ते त्यानं उचललंही नाही.

जावयांनी विचारलं, आपली आगटी विझली होती ना? पाणी ओतलं होतं, म्हणालो. आजही ते दिवाळीला गोष्ट सांगतात — आमच्या बाबांनी माळरान वाचवलं. मी मान खाली घालून फराळ खातो.

सिदूवर केस झाली. त्या माळाच्या कडेला त्याला कुणी चारू देईना, मग मेंढरं विकली म्हणे. हे मी लांबून ऐकत राहिलो, आणि घाबरतही राहिलो — त्याच्यासाठी नाही, स्वतःसाठी.

परवा अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या फाटकाशी पाळी सुटली होती. सिग्नलला माझ्या स्कूटरशेजारी एक सायकल थांबली. कपड्यांवर टॉवेलच्या कारखान्यातला कापूस. सिदू. त्यानं मला ओळखलं. शिवी देईल असं वाटलं.

“आण्णा,” तो म्हणाला, “माळावर गवत आलं का वो परत?”

मी हेल्मेटची काच खाली ओढली आणि सिग्नल सुटायची वाट बघत राहिलो.